चढावरून समांतर आणि लंब रेषा कशा ओळखाव्यात : कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

दोन रेषांचे चढ समान असले की त्या समांतर आणि चढांचा गुणाकार −१ आला की त्या परस्परांना लंब, ही दोन वाक्ये बहुतेक विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. तरीही वह्या तपासताना याच प्रकारच्या उदाहरणांवर मला सर्वाधिक लाल खुणा कराव्या लागतात. सूत्र चुकलेले क्वचितच दिसते. वजाबाकीचा क्रम, उभ्या रेषेची वेगळी वागणूक, अपूर्णांकाऐवजी घेतलेली दशांश किंमत आणि शेवटचा निष्कर्ष, ही चुकण्याची खरी ठिकाणे आहेत. राज्य मंडळाच्या दहावीच्या भूमितीत रेषेचा चढ आणि समांतर रेषा येतात, तर लंब रेषांची अट अकरावीत भेटते. मधल्या काळात पहिल्या भागाचे तपशील विसरलेले असतात आणि दुसरा भाग त्या कच्च्या पायावर उभा राहतो. म्हणून येथे संपूर्ण काम टप्प्याटप्प्याने, ज्या क्रमाने कागदावर करायचे त्याच क्रमाने मांडले आहे.

पुस्तकांत अक्षांसाठी आणि चलांसाठी इंग्रजी अक्षरे वापरतात. या लेखात आडव्या अक्षासाठी क्ष, उभ्या अक्षासाठी य आणि बिंदूंसाठी अ, ब, क, ड अशी अक्षरे घेतली आहेत.

टप्पा १ : आकडेमोडीआधीची तयारी

उदाहरण वाचल्याबरोबर सूत्रात किमती भरू नका. आधी प्रत्येक रेषा कशी दिली आहे ते पाहा : दोन बिंदूंनी, समीकरणाने, की आकृतीच्या एखाद्या बाजूच्या रूपाने. त्यानंतर बिंदूंचे निर्देशक चिन्हांसह एकाखाली एक उतरवून घ्या. या लेखात पुढे वारंवार लागणारे बिंदू असे आहेत :

अ(−३, −१), ब(१, २)
क(−२, −४), ड(६, २)

आता एक कच्ची आकृती काढा. तिला आलेखकागद लागत नाही. चारही चरणांत बिंदू साधारण कुठे पडतात एवढे दिसले तरी पुरे. रेषा डावीकडून उजवीकडे जाताना वर चढत असेल तर चढ धन येणार, खाली उतरत असेल तर ऋण येणार. हे चिन्ह आधीच समासात लिहून ठेवा, म्हणजे आकडेमोडीत चिन्ह उलटले तर ते त्याच क्षणी लक्षात येईल. वरील दोन्ही रेषा उजवीकडे चढतात, म्हणून दोन्ही चढ धन यायला हवेत.

टप्पा २ : उभ्या आणि आडव्या रेषा आधी बाजूला काढा

एका रेषेवरील दोन्ही बिंदूंचे क्ष-निर्देशक सारखे असतील तर ती रेषा य-अक्षाला समांतर आहे आणि तिचा चढ ठरवता येत नाही, कारण छेदात शून्य येते. दोन्ही बिंदूंचे य-निर्देशक सारखे असतील तर रेषा क्ष-अक्षाला समांतर आहे आणि तिचा चढ शून्य आहे. शून्य ही एक निश्चित संख्या आहे, तर उभ्या रेषेला चढाची संख्याच नाही, हा फरक विद्यार्थी नेहमी पुसून टाकतात.

या दोन प्रकारच्या रेषांचा निर्णय सूत्राविना होतो. दोन वेगवेगळ्या उभ्या रेषा परस्परांना समांतर असतात आणि दोन वेगवेगळ्या आडव्या रेषाही समांतर असतात. उभी रेषा आणि आडवी रेषा परस्परांना लंब असतात. उभी रेषा एखाद्या तिरप्या रेषेला समांतरही नसते आणि लंबही नसते.

सावधान : "एकीचा चढ शून्य, दुसरीचा अनंत, म्हणून गुणाकार −१" असे वाक्य मी अनेक वह्यांत वाचले आहे. शून्याला कशानेही गुणून −१ मिळत नाही. या जोडीला गुणाकाराची अट लागूच होत नाही, म्हणून उत्तरात "एक रेषा य-अक्षाला समांतर आणि दुसरी क्ष-अक्षाला समांतर आहे, म्हणून त्या परस्परांना लंब आहेत" असे सरळ कारण लिहावे.

टप्पा ३ : दोन बिंदूंवरून चढ काढणे

चढ म्हणजे य-निर्देशकांतील फरक भागिले क्ष-निर्देशकांतील फरक. कोणता बिंदू पहिला मानायचा याला बंधन नाही. मात्र अंशात ज्या बिंदूपासून सुरुवात केली, छेदातही त्याच बिंदूपासून सुरुवात केली पाहिजे.

रेषा अब : य-फरक = २ − (−१) = ३, क्ष-फरक = १ − (−३) = ४, चढ = ३/४.
रेषा कड : य-फरक = २ − (−४) = ६, क्ष-फरक = ६ − (−२) = ८, चढ = ६/८ = ३/४.

दोन्ही फरक वेगवेगळ्या ओळींवर, कंसांसह लिहावेत. कंस गाळला की २ − (−१) चे २ − १ होते, १ − (−३) चे १ − ३ होते आणि चढ ३/४ ऐवजी −१/२ येतो. समासात "धन" असे आधी लिहिलेले असेल तर ही चूक तेथेच पकडली जाते.

आता एका अशा चुकीकडे येतो जी बरोबर उत्तराच्या आड लपते आणि म्हणून वर्षभर टिकते. काही विद्यार्थी अंशात "दुसरा वजा पहिला" आणि छेदात "पहिला वजा दुसरा" असे करतात. मग अब चा चढ ३/(−४) येतो, कड चा चढ ६/(−८) येतो, दोन्ही −३/४ म्हणून समान ठरतात आणि "रेषा समांतर आहेत" हे उत्तर बरोबर निघते. लंब रेषांच्या उदाहरणातही तसेच होते, कारण दोन्ही चढांची चिन्हे एकदम बदलली तर त्यांचा गुणाकार बदलत नाही. काहीजण अंश आणि छेद यांचीच अदलाबदल करतात, म्हणजे क्ष-फरक वर आणि य-फरक खाली लिहितात. दोन समान संख्यांचे गुणाकार व्यस्तही समानच असतात आणि ज्यांचा गुणाकार −१ आहे त्यांच्या व्यस्तांचा गुणाकारही −१ असतो, म्हणून येथेही उत्तर बिघडत नाही. एक रेषा बिंदूंनी आणि दुसरी समीकरणाने दिली की मात्र हे सारे उघडे पडते. ३क्ष − ४य = ५ या रेषेचा चढ ३/४ आहे; ज्याच्या वहीत अब चा चढ −३/४ आलेला आहे, तो या दोन रेषा समांतर नाहीत असे लिहून मोकळा होतो. शेवटचे उत्तर जुळले एवढ्यावर समाधान न मानता प्रत्येक चढ स्वतंत्रपणे बरोबर आहे की नाही हे पाहावे, असा माझा आग्रह याच कारणासाठी आहे.

तपासा : चढाचे चिन्ह कच्च्या आकृतीशी जुळते का? रेषा ४५ अंशांपेक्षा कमी कललेली दिसत असेल तर, चिन्ह बाजूला ठेवून, चढ १ पेक्षा लहान आला आहे का? ही दुसरी तपासणी अंश-छेदाची अदलाबदल पकडते.

टप्पा ४ : समीकरणावरून चढ काढणे

समीकरणात य एका बाजूला एकटा आणि त्याचा सहगुणक १ असेल, तेव्हाच क्ष चा सहगुणक हा चढ असतो. २य = ६क्ष + ५ या समीकरणात चढ ६ नसून ३ आहे, कारण आधी दोन्ही बाजूंना २ ने भागावे लागते. ३क्ष + ४य = १२ या समीकरणात ३क्ष उजवीकडे नेताना चिन्ह बदलते, ४य = −३क्ष + १२ होते आणि चढ −३/४ मिळतो. समीकरणाची क्ष आणि य असलेली दोन्ही पदे एकाच बाजूला असतील तर चढ म्हणजे क्ष चा सहगुणक भागिले य चा सहगुणक आणि त्या साऱ्याचे विरुद्ध चिन्ह. स्थिरपदाचा चढाशी संबंध नसतो, पण ते खोडून टाकू नका, कारण ते पुढच्याच टप्प्यात लागणार आहे.

टप्पा ५ : समांतर आहेत का, हे ठरवणे

प्रत्येक चढाचे अतिसंक्षिप्त रूप लिहा आणि मगच तुलना करा. कॅल्क्युलेटर वापरून दशांश किमतींची तुलना करू नये. समजा एक चढ ७/१२ आणि दुसरा ११/१९ आला. दोन दशांश स्थळांपर्यंत दोन्हींची किंमत ०.५८ येते आणि रेषा समांतर असल्याचा भास होतो. तिरकस गुणाकार केला तर ७ × १९ = १३३ आणि ११ × १२ = १३२ येतात. एकाचा फरक आहे, म्हणून चढ वेगळे आहेत आणि या रेषा दूर कोठेतरी एकमेकींना छेदणारच.

चढ समान आले की बहुतेकजण लेखणी खाली ठेवतात, पण अजून एक प्रश्न उरलेला असतो : या दोन रेषा वेगवेगळ्या आहेत, की एकच रेषा दोन रूपांत दिली आहे? बिंदूंनी दिलेल्या रेषांसाठी एकीवरचा एक बिंदू आणि दुसरीवरचा एक बिंदू जोडून त्या जोडरेषेचा चढ पाहावा. आपल्या उदाहरणात अ(−३, −१) आणि क(−२, −४) घेतले तर चढ = (−४ + १)/(−२ + ३) = −३ येतो. तो ३/४ नाही, म्हणून क हा बिंदू रेषा अब वर नाही, दोन्ही रेषा भिन्न आहेत आणि आता "रेषा अब आणि रेषा कड समांतर आहेत" असे निःशंकपणे लिहिता येते. हा तिसरा चढही ३/४ आला असता, तर चारही बिंदू एकरेषीय ठरले असते.

समीकरणांसाठी हीच तपासणी स्थिरपदावरून होते. २क्ष − ३य = ६ आणि ४क्ष − ६य = १२ यांत दुसरे समीकरण पहिल्याची दुप्पट आहे, म्हणून दोन्ही समीकरणे एकाच रेषेची आहेत. ४क्ष − ६य = ५ ही रेषा मात्र पहिलीला समांतर आहे, कारण डावी बाजू दुप्पट झाली तरी उजवी झालेली नाही.

टप्पा ६ : लंब आहेत का, हे ठरवणे

गुणाकार −१ का यावा लागतो, हे एकदा हाताने करून पाहा. आलेखकागदावर एका बिंदूपासून ४ घरे उजवीकडे आणि ३ घरे वर जा. या रेषाखंडाचा चढ ३/४. आता कागद घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा. जी ४ घरे उजवीकडे होती ती वर जातात आणि जी ३ घरे वर होती ती डावीकडे जातात, म्हणजे नवा चढ ४/(−३) होतो. काटकोनात वळताना अंश आणि छेद जागा बदलतात आणि एकाचे चिन्ह उलटते, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की नियम पाठ करावा लागत नाही, आणि दोन्ही गोष्टी एकत्रच घडल्या पाहिजेत हेही कळते.

नेमकी तीच अट निम्मी पाळली जाते. ३/४ ला लंब असलेल्या रेषेचा चढ म्हणून कोणी −३/४ लिहितो, तर कोणी ४/३ लिहितो. बरोबर उत्तर −४/३ आहे. पूर्ण संख्येच्या बाबतीत छेदातला १ विसरला जातो : चढ २ असेल तर लंब रेषेचा चढ −१/२. मूळ चढ ऋण असेल तर लंब रेषेचा चढ धन येतो : −२/५ साठी ५/२.

प(२, ५) आणि फ(५, १) घेऊ. चढ = (१ − ५)/(५ − २) = −४/३. रेषा अब चा चढ ३/४ होता, म्हणून (३/४) × (−४/३) = −१ आणि रेषा पफ ही रेषा अब ला लंब आहे. येथेही दशांश टाळावेत. २/३ ऐवजी ०.६७ घेऊन त्याला −१.५ ने गुणले तर −१.००५ येते आणि लंब असलेल्या रेषा लंब नाहीत असे ठरते.

सावधान : आकृतीत काटकोन दिसतो की नाही, यावरून निर्णय घेऊ नका. दोन्ही अक्षांवर प्रमाण वेगळे असेल तर लंब रेषा लंब दिसत नाहीत. क्ष-अक्षावर १ सेमी = १ एकक आणि य-अक्षावर १ सेमी = २ एकक असे प्रमाण घेऊन वरील अब आणि पफ काढल्या, तर कागदावर त्यांच्यात सुमारे ५४ अंशांचा कोन दिसतो, आणि मूल गुण्या लावून पाहते तेव्हा त्याला आपली आकडेमोड चुकल्यासारखे वाटते. जिओजेब्रा किंवा डेस्मॉस यांवर आलेख काढतानाही एका अक्षाचे प्रमाण ताणले गेले की हेच घडते. समांतर रेषा मात्र प्रमाण बदलले तरी समांतरच राहतात, म्हणून हा धोका फक्त लंब रेषांच्या बाबतीत आहे.

टप्पा ७ : भागाकाराविना पडताळा

ही पद्धत मला सर्वांत विश्वासाची वाटते, कारण तिच्यात छेदच नसल्यामुळे शून्याची अडचण येत नाही. प्रत्येक रेषेसाठी क्ष-फरक आणि य-फरक यांची जोडी लिहा. अब साठी (४, ३), कड साठी (८, ६), पफ साठी (३, −४).

समांतर दिशेसाठी तिरकस गुणाकार समान यावेत : अब आणि कड यांसाठी ४ × ६ = २४ आणि ३ × ८ = २४. लंब रेषांसाठी क्ष-फरकांचा गुणाकार आणि य-फरकांचा गुणाकार यांची बेरीज शून्य यावी : अब आणि पफ यांसाठी ४ × ३ + ३ × (−४) = १२ − १२ = ०. उभी रेषा (०, २) आणि आडवी रेषा (३, ०) यांसाठीही ० × ३ + २ × ० = ० हे उत्तर निर्वेधपणे मिळते. समीकरणे दिलेली असतील तर फरकांच्या जागी क्ष आणि य चे सहगुणक घेऊन हाच पडताळा करता येतो. परीक्षेत उत्तर चढाच्या पद्धतीनेच लिहावे आणि हा पडताळा कच्च्या कामात करावा.

टप्पा ८ : चौकोनाचा प्रकार ठरवणे

अ(−२, १), ब(२, ४), क(५, ०), ड(१, −३) हे शिरोबिंदू क्रमाने दिले आहेत असे समजू. मागचे बिंदू आता बाजूला ठेवा. चारही बाजूंचे चढ काढू.

अब : (४ − १)/(२ + २) = ३/४
बक : (० − ४)/(५ − २) = −४/३
कड : (−३ − ०)/(१ − ५) = ३/४
डअ : (१ + ३)/(−२ − १) = −४/३

संमुख बाजूंचे चढ समान आहेत. लगतच्या बाजूंचे चढ वेगळे असल्यामुळे क हा बिंदू रेषा अब वर असू शकत नाही, म्हणून एकच रेषा असल्याची शंका येथे आपोआप मिटते. चौकोन समांतरभुज आहे आणि लगतच्या चढांचा गुणाकार −१ असल्यामुळे तो आयत आहे. अनेक विद्यार्थी येथे थांबतात. कर्णांचे चढ पाहिले तर अक साठी (० − १)/(५ + २) = −१/७ आणि बड साठी (−३ − ४)/(१ − २) = ७ येतात. त्यांचा गुणाकार −१ आहे, म्हणजे कर्ण परस्परांना लंब आहेत, आणि ज्या आयताचे कर्ण परस्परांना लंब असतात तो चौरस असतो. अंतराचे सूत्र न वापरता निर्णय झाला.

सावधान : शिरोबिंदू क्रमाने दिलेले नसतील तर कच्च्या आकृतीवरून आधी क्रम लावून घ्या, नाहीतर कर्णाला बाजू समजून चढ काढले जातात. समलंब चौकोन सिद्ध करताना एक जोडी समांतर आहे एवढे पुरत नाही. दुसरी जोडी समांतर नाही हेही दाखवावे लागते.

टप्पा ९ : निर्देशक अज्ञात असेल तेव्हा

(न, ५) आणि (२, ३) यांतून जाणारी रेषा, (१, न) आणि (४, २) यांतून जाणाऱ्या रेषेला लंब असेल, तर न ची किंमत काढायची आहे. नेहमीप्रमाणे चढ घेतले तर पहिला −२/(२ − न) आणि दुसरा (२ − न)/३ येतो. गुणाकारात (२ − न) छेदला जातो, उरते −२/३, आणि ते −१ नाही म्हणून "अशी किंमत अस्तित्वात नाही" असे उत्तर लिहिले जाते. आकडेमोडीत एकही चूक नसताना हे उत्तर चुकीचे आहे, कारण (२ − न) ने छेदताना न हा २ नाही असे न सांगता गृहीत धरले गेले.

सातव्या टप्प्यातील पद्धतीने फरकांच्या जोड्या (२ − न, −२) आणि (३, २ − न) अशा येतात. अट लिहिली की ३(२ − न) − २(२ − न) = ०, म्हणजेच २ − न = ० आणि न = २. किंमत भरून पाहा : पहिली रेषा (२, ५) आणि (२, ३) यांतून जाते, ती उभी आहे, दुसरी (१, २) आणि (४, २) यांतून जाते, ती आडवी आहे. अज्ञात निर्देशक छेदात आला की छेद शून्य करणारी किंमत समासात वेगळी लिहावी आणि ती मूळ बिंदूंत भरून स्वतंत्रपणे तपासावी. चढाच्या समीकरणातून ती कधीच बाहेर पडत नाही.